उसाच्या चिपाडांनी पाण्यातला रंग काढायचा, तर आधी रंगाची चौकशी करा

जानेवारी उजाडला की टी.वाय.ची, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाची मुलं प्रोजेक्टचे विषय घेऊन माझ्याकडे येतात. एका तरी गटाला पाण्यातला रंग काढायचा असतो. केळीची सालं, चहाचा चोथा, दादरच्या फुलबाजारात उरलेला झेंडू, नारळाचं सोडण, असं काहीतरी पाण्यात टाकायचं आणि पाणी निवळायचं, असा बेत. मी विचारते, "रंग कोणता?" उत्तर येतं, "कुठलाही चालेल, मॅडम."

कुठलाही चालत नाही. निम्मे प्रयोग इथेच फसतात, म्हणून हा लेख मी रंगापासून सुरू करते.

या विषयाशी माझं नातं जुनं आहे. वडील मिलच्या डाइंग खात्यात होते आणि सुट्टीच्या दिवशीही त्यांच्या नखांच्या कडा निळ्या असायच्या. आता मिली गेल्या. रंगकाम आहे ते तळोजा, डोंबिवली, भिवंडी, उल्हासनगर अशा भागांत. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्यातली भटकी कुत्री निळी झालेली साऱ्या देशाने पाहिली. रंग पाण्यात गेला की किती दूर पोचतो हे त्या मुक्या जिवांच्या अंगावर दिसलं.

रंगाचा प्रभार ओळखा

वनस्पतीचा टाकाऊ भाग म्हणजे मुख्यतः सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. त्यांच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल आणि कार्बॉक्सिल गट असतात. साध्या, उदासीन पाण्यात कार्बॉक्सिल गट आपला हायड्रोजन सोडतात आणि पृष्ठभागावर ऋण प्रभार येतो. त्यामुळे धन प्रभाराचे रंग त्याला जाऊन चिकटतात आणि ऋण प्रभाराचे दूर ढकलले जातात. रंग पृष्ठभागावर धरला जाण्याच्या या क्रियेला ॲडसॉर्प्शन, मराठीत अधिशोषण म्हणतात.

रंगाचा प्रभार कळायला प्रयोगशाळा लागत नाही. तो कोणत्या कापडासाठी बनवलाय ते विचारा. ॲक्रिलिकचे बेसिक रंग धन प्रभाराचे असतात. मेथिलीन ब्लू, मॅलाकाइट ग्रीन आणि क्रिस्टल व्हायोलेट याच घराण्यातले. लोकर, रेशीम आणि नायलॉनचे ॲसिड रंग ऋण प्रभाराचे, आणि सुती कापडाचे डायरेक्ट व रिॲक्टिव्ह रंगही तसेच. पॉलिस्टरचे डिस्पर्स रंग पाण्यात नीट विरघळतच नाहीत. जीन्सची नीळ पाण्यात बारीक कणांच्या रूपात असते, तिला अधिशोषणापेक्षा तुरटीसारख्या क्षाराने गोळा करून खाली बसवणं सोपं.

पहिल्यांदा करणाऱ्याने मेथिलीन ब्लू घ्यावा. तो १८७६ साली जर्मनीत हाइनरिश कारो यांनी बनवला. प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात मिळतोच, आणि माशांच्या टाक्यांच्या दुकानात बुरशीवरचं औषध म्हणूनही विकला जातो. काँगो रेड मात्र मी मुलांच्या हातात देत नाही. तो बेंझिडीनपासून बनतो आणि बेंझिडीन कर्करोगकारक आहे. रंगाची कोणतीही पूड वजन करताना मास्क आणि हातमोजे घालायचेच.

चिपाडं

मला उसाची चिपाडं आवडतात. उन्हाळ्यात मुंबईत दर दोन चौकांवर रसवंती असते आणि दुपारपर्यंत तिथे पोतंभर चिपाडं साठतात. "काका, कचऱ्यात टाकण्याआधी एक पिशवी भरून घेऊ का?" एवढं विचारलं की काम होतं. मात्र मार्च ते मे या काळातच गोळा करा. पावसाळ्यात इथल्या दमट हवेत ओली चिपाडं दुसऱ्या दिवशी आंबतात आणि चौथ्या दिवशी त्यांच्यावर काळी बुरशी चढते. आणल्या दिवशीच धुवायला घ्या. सोबत लिंबाच्या साली आणि आलं पिळलेलं असतं, ते वेचून काढा.

धुण्यात घाई नको. चिपाडांचे बोटभर तुकडे करून आधी साध्या पाण्याने तीन-चारदा धुवा, मग गरम पाण्यात अर्धा तास ठेवून पाणी ओता. पाणी निवळ येईपर्यंत हे पुन्हा करा. साखर राहिली तर ती पुढे पाण्यात उतरते, जंतू वाढतात, आणि रंग गेला तरी पाण्याची सीओडी, म्हणजे रासायनिक ऑक्सिजन मागणी (पाण्यातली घाण रसायनांनी जाळायला किती ऑक्सिजन लागेल त्याचं माप), उलट वाढते. सीओडी मोजायची सोय नसेल तर एक घरगुती खूण सांगते. धुतलेली चिपाडं गच्चीवर वाळत घातली आणि त्यांना मुंग्या लागल्या, तर साखर शिल्लक आहे. पुन्हा धुवा.

दोन दिवस कडक उन्हात, किंवा ओव्हनमध्ये ६० अंश सेल्सियसला रात्रभर वाळवा. मिक्सरमधून काढा. प्रयोगशाळेत अर्धा ते एक मिलिमीटरचे कण घेतात. घरी रव्याच्या चाळणीतून पडलेलं पण पिठाच्या चाळणीवर राहिलेलं घ्या. पिठासारखी पूड घेण्याचा मोह होतो, कारण ती रंग झटपट धरते, पण ती खाली बसत नाही आणि नळीत भरली तर पाणीच जाऊ देत नाही.

प्रक्रिया

कच्ची चिपाडंही रंग धरतात, पण कमी. शिवाय स्वतःचा पिवळसर रंग पाण्यात सोडतात. प्रक्रियेचे हेतू दोन: सुटणारं आधीच काढून टाकणं आणि रंग धरणारे गट वाढवणं. जुन्या पद्धतींत सल्फ्युरिक ॲसिड किंवा फॉर्माल्डिहाइड वापरतात. मी ते टाळते. तेच काम सायट्रिक ॲसिडने, म्हणजे स्वयंपाकघरातल्या लिंबूसत्वाने होतं.

दहा ग्रॅम कोरडी चिपाडं घ्या. लिटरला ४ ग्रॅम कॉस्टिक सोडा या प्रमाणाच्या द्रावणात ती तासभर ढवळा. पाणी चहासारखं तपकिरी होईल. ते लिग्निन आणि हेमिसेल्युलोजचे सुटलेले भाग. द्रावण ओतून देऊन, धुतलेलं पाणी पीएच कागदावर ७ च्या आसपास येईपर्यंत धुवा (पीएच ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, वर अल्क). कॉस्टिक सोडा डोळ्यात गेला तर कायमची इजा होऊ शकते, तेव्हा चष्मा लावल्याशिवाय या पायरीला हात घालू नका.

आता १०० मिलीलिटर पाण्यात साडेअकरा ग्रॅम निर्जल सायट्रिक ॲसिड विरघळवा. डब्यावर 'मोनोहायड्रेट' लिहिलं असेल तर १२.६ ग्रॅम. हे झालं ०.६ मोलर द्रावण, म्हणजे लिटरला ०.६ मोल (मोल हे रेणूंची संख्या मोजायचं एकक). त्यात चिपाडं दोन तास भिजवा, जादा द्रावण निथळून टाका, ताटलीत पातळ पसरून ५० ते ६० अंशांना रात्रभर वाळवा. मग ओव्हन १२० अंशांवर नेऊन दीड तास ठेवा.

सगळं यश या दीड तासात आहे. तापल्यावर सायट्रिक ॲसिडमधून पाण्याचा रेणू निघून जातो आणि त्याचं ॲनहायड्राइड बनतं. ते सेल्युलोजच्या हायड्रॉक्सिल गटाशी एस्टर बंधाने जोडलं जातं. जोडलेल्या प्रत्येक रेणूमागे मोकळे कार्बॉक्सिल गट लोंबत राहतात, आणि हेच रंगाला धरणारे हात. ओव्हन १०० अंशांवर अडला तर जोडणी नीट होत नाही आणि नुसतं ॲसिड लागलेली चिपाडं हाती येतात. तापमान खूप वर गेलं तर ती करपतात. हलका बदामी रंग यायला हवा. ओव्हनच्या काट्यावर विसंबू नका, आत थर्मामीटर ठेवा.

शेवटी कोमट पाण्याने भरपूर धुवा. न जोडलेलं ॲसिड राहिलं तर पाण्याचा पीएच खाली ओढतं आणि रंग चिकटत नाही. मी नंतर खायच्या सोड्याच्या पातळ द्रावणात पंधरा मिनिटं बुडवून पुन्हा धुते, म्हणजे कार्बॉक्सिल गट सोडियमच्या रूपात येतात आणि धन रंगाशी अदलाबदल सहज होते. इथे कॉस्टिक सोडा वापरू नका, तो आत्ताच जोडलेले एस्टर बंध तोडतो. ६० अंशांना वाळवा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत, तारीख लिहून ठेवा.

मोजायची तयारी

एक ग्रॅम मेथिलीन ब्लू लिटरभर ऊर्ध्वपातित पाण्यात, हे मूळ द्रावण: लिटरला १००० मिलीग्रॅम. त्यातले ५० मिलीलिटर घेऊन लिटरभर केले की लिटरला ५० मिलीग्रॅमचं प्रयोगाचं द्रावण तयार.

कलरीमीटर, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र, ६६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास लावा, मेथिलीन ब्लू ६६४ ला सर्वांत जास्त प्रकाश शोषतो. लिटरला १, २, ३, ४ आणि ५ मिलीग्रॅमची प्रमाण द्रावणं करून आलेख काढा. त्यापुढे जाऊ नका. या रंगाचे रेणू दाट द्रावणात जोडीजोडीने चिकटतात आणि आलेखाची सरळ रेष वाकते. नमुना गडद असेल तर विरल करून मोजा आणि आकड्याला तितक्या पटीने गुणा.

कलरीमीटर नसेल तर सारख्या काचेच्या नळ्यांत ही द्रावणं भरून, मागे पांढरा कागद धरून डोळ्यांनी तुलना करा. अंदाज बरा येतो, मात्र तो अंदाज म्हणूनच लिहा.

प्रत्यक्ष प्रयोग, आणि गाळणकागदाचा धोका

प्रत्येक फ्लास्कमध्ये १०० मिलीलिटर द्रावण आणि ०.२ ग्रॅम चिपाडं घाला. शेकरवर, म्हणजे फ्लास्क हलवत ठेवणाऱ्या यंत्रावर, मिनिटाला दीडशे फेऱ्या. ५, १०, २०, ३०, ६० आणि १२० मिनिटांसाठी वेगवेगळे फ्लास्क ठेवा. एकाच फ्लास्कमधून सारखं पाणी काढत राहिलात तर आकारमान बदलतं आणि हिशेब बिघडतो. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत रंग भराभर उतरतो, मग गती मंदावते. आकडा हलायचा थांबेल ती समतोलाची वेळ.

सोबत दोन फ्लास्क आणखी हवेत, आणि ते वगळलेला प्रोजेक्ट मी परत पाठवते. एकात रंग आहे पण चिपाडं नाहीत, म्हणजे काचेला किती रंग लागला ते कळतं. दुसऱ्यात चिपाडं आहेत पण रंग नाही, म्हणजे चिपाडांनी स्वतः पाण्यात काय सोडलं ते कळतं.

शिकवायला लागल्यावरच्या पहिल्या वर्षी आमच्या एका गटाला ९९ टक्के रंग गेल्याचं दिसलं. मुलं आनंदात होती, मीही होते. मग एका मुलीच्या लक्षात आलं की कचऱ्यातले गाळणकागद गडद निळे आहेत. गाळणकागद सेल्युलोजचाच. चिपाडांनी न धरलेला रंग त्याने धरला होता आणि श्रेय चिपाडांना मिळालं होतं. सगळा प्रयोग पुन्हा केला. तेव्हापासून आम्ही सेंट्रिफ्यूज, म्हणजे गरगर फिरवून कण तळाशी बसवणारं यंत्र, वापरतो. तो नसेल तर फ्लास्क अर्धा तास स्थिर ठेवून वरचं पाणी पिपेटने अलगद घ्या. कापसातूनही गाळू नका, तोही सेल्युलोज.

वेळ ठरली की एका वेळी एकच गोष्ट बदला. चिपाडांचं वजन ०.०५ ते ०.५ ग्रॅम. रंगाची संहती, म्हणजे पाण्यातलं प्रमाण, लिटरला २० ते २०० मिलीग्रॅम. पीएच ३ ते ९. कमी पीएचला मेथिलीन ब्लू कमी चिकटेल, कारण हायड्रोजन आयन त्याच जागांसाठी भांडतात. पृष्ठभागाचा प्रभार कुठे शून्य होतो तेही काढता येतं. ०.०१ मोलर मिठाच्या द्रावणाचे ५० मिलीलिटरचे फ्लास्क पीएच २ पासून १० पर्यंत लावा, प्रत्येकात ०.१ ग्रॅम चिपाडं घालून दोन दिवस ठेवा आणि पुन्हा पीएच मोजा. ज्या पीएचला बदल शून्य, तो तुमचा बिंदू. त्याच्या वर पृष्ठभाग ऋण, खाली धन.

हिशेब

सुरुवातीला लिटरला ५० मिलीग्रॅम, शेवटी ४. गेले ४६, म्हणजे ९२ टक्के. पण नुसती टक्केवारी फसवी असते, चिपाडं दुप्पट घातली की ती आपोआप वाढते. म्हणून ग्रॅममागे किती रंग धरला ते काढा: गेलेली संहती गुणिले पाण्याचे लिटर, भागिले चिपाडांचे ग्रॅम. ४६ गुणिले ०.१ भागिले ०.२, म्हणजे ग्रॅमला २३ मिलीग्रॅम. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. वजन वाढवत गेलात की पहिला चढतो आणि दुसरा उतरतो, आणि दोन पदार्थांची तुलना दुसऱ्यावरून होते.

निरनिराळ्या संहतींचे आकडे जमले की लँगम्यूर आलेख काढा. पृष्ठभागावर रंग जास्तीत जास्त किती बसू शकतो ते त्यावरून कळतं. आडव्या अक्षावर समतोलाला पाण्यात उरलेली संहती, उभ्या अक्षावर तीच संहती भागिले ग्रॅममागे धरलेला रंग. सरळ रेष आली तर एक भागिले तिचा चढ, म्हणजे तुमच्या चिपाडांची कमाल क्षमता. कच्च्या आणि प्रक्रिया केलेल्या चिपाडांच्या दोन रेषा एकाच कागदावर काढा. ओव्हनमधल्या दीड तासाने काय कमावलं ते तिथे दिसेल.

सुती कापडाचा रंग असेल तर

आमच्या इमारतीतल्या एक वहिनी घरी टाय-अँड-डायचे दुपट्टे करतात. त्यांनी विचारलं, "ताई, तुमच्या चिपाडांनी माझी बादली साफ होईल का?" त्यांच्या धुण्याचं पाणी आणून पाहिलं. लिंबूसत्व लावलेल्या चिपाडांनी त्याला जवळजवळ काहीच केलं नाही.

कारण आता तुम्हाला ओळखता येईल. सुती कापडाचा रिॲक्टिव्ह रंग ऋण प्रभाराचा, आणि आपण चिपाडांचा ऋण प्रभार वाढवून ठेवलेला. धुण्याचा सोडा घातल्यामुळे पाणी अल्कधर्मी, त्यामुळे ढकलाढकली आणखी.

अशा रंगासाठी दोन वाटा आहेत. पाणी पीएच २ ते ३ पर्यंत आम्ल करायचं, म्हणजे कच्च्या चिपाडांचा पृष्ठभाग धन होऊन रंग धरतो. पण नंतर ते पाणी पुन्हा उदासीन करावं लागतं आणि त्यात क्षार वाढतात. दुसरी वाट सीटॅब नावाच्या धन प्रभाराच्या साबणासारख्या द्रव्याची. त्याच्या एक टक्का द्रावणात चिपाडं दिवसभर भिजवायची आणि फेस यायचा थांबेपर्यंत धुवायची. पण सीटॅब जलचरांना विषारी आहे. नीट न धुतलेली चिपाडं वापरली तर पाण्यातून रंग काढून विष घातल्यासारखं होईल. हे प्रयोगशाळेतच करावं.

वहिनींना मी वेगळंच सुचवलं. कापडाच्या वजनाच्या प्रमाणात मोजून रंग घ्या, आणि रंगवलेलं कापड प्लास्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर राहू द्या, म्हणजे रंग धाग्याशी जोडला जाईल आणि धुण्यात कमी जाईल. पाण्यात न गेलेला रंग काढावाच लागत नाही.

नळीतून पाणी सोडणं

सतत वाहणाऱ्या पाण्यासाठी चिपाडं नळीत भरायची. अडीच सेंटीमीटर व्यासाच्या काचेच्या नळीत तळाशी नायलॉनची जाळी आणि बारीक खडी. चिपाडं आदल्या रात्री पाण्यात भिजवून, पाण्यासकट ओतत वीस सेंटीमीटरचा थर करा. कोरडी भरली तर हवेचे फुगे राहतात आणि पाणी त्यांच्या कडेने वाट काढतं. मिनिटाला पाच मिलीलिटर पाणी सोडा, म्हणजे थराच्या आकारमानाइतकं पाणी जायला साधारण वीस मिनिटं लागतील. दर अर्ध्या तासाने खालचा नमुना मोजा. बाहेरची संहती आतल्याच्या दहा टक्के झाली की थर बदलायची वेळ आली.

मोठा हिशेबही आधी कागदावर करून पाहा. दिवसाला ५०० लिटर पाणी, लिटरला २० मिलीग्रॅम बेसिक रंग, म्हणजे एकूण १० ग्रॅम. ग्रॅमला २३ मिलीग्रॅम धरले तर सुमारे ४३५ ग्रॅम चिपाडं. प्रत्यक्षात हा आकडा पुरत नाही. पाण्यात रंग जितका कमी उरवायचा तितकी ग्रॅममागची पकड घटते, आणि खऱ्या सांडपाण्यातलं मीठ, साबण, इतर रंगही जागा अडवतात. दुप्पट-तिप्पट धरून चाला आणि त्याच सांडपाण्यावर चाचणी घ्या. कापड उद्योगाच्या सांडपाण्यासाठी २०१६ च्या केंद्रीय नियमांत रंगाची मर्यादा १५० प्लॅटिनम-कोबाल्ट एकक आणि सीओडीची लिटरला २५० मिलीग्रॅम आहे. डोळ्यांना निवळ दिसणारं पाणी या दोन्हींत बसेलच असं नाही, आणि ते पिण्याजोगं तर नाहीच.

निळी झालेली चिपाडं

रंग नाहीसा झालेला नाही, तो पाण्यातून निघून चिपाडांत गेलाय. ती ओल्या कचऱ्यात, कुंडीत किंवा खतात टाकू नका. पाऊस पडला की रंग पुन्हा सुटेल. उघड्यावर जाळूही नका, मेथिलीन ब्लूमध्ये नायट्रोजन, गंधक आणि क्लोरीन तिन्ही आहेत.

०.१ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडने बराच रंग सोडवता येतो आणि चिपाडं पुन्हा वापरता येतात. दर फेरीला पकड थोडी कमी होते, ती किती होते ते मोजा. मात्र सोडवलेला गडद रंग आता आम्लात आहे, आणि त्याचीही व्यवस्था तुम्हालाच करायची आहे.

आमच्याकडे वापरलेली चिपाडं वाळवून जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरतो. पिशवीवर रंगाचं नाव, वजन आणि तारीख. ती घातक कचऱ्याच्या कपाटात जाते आणि तिथून इतर रसायनांसोबत अधिकृत विल्हेवाट केंद्राकडे. तळोज्याला असं केंद्र आहे. प्रोजेक्टच्या वहीत शेवटच्या पानावर मी एक ओळ मागते: किती ग्रॅम रंग घेतला, किती पाण्यात उरला, किती चिपाडांत आहे आणि ती चिपाडं आत्ता कुठे आहेत. बेरीज जुळली की सही करते.